आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला तर बोट घालून काढावा का?

नाही, दिसत नसेल तर बोट घालू नका. दाणा आणखी आत ढकलला जातो. तोंडात समोर दिसत असेल तरच अलगद काढा. बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्या, हवा जातेय. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडले, तर प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकवतात ते करा: हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. मनगटाजवळच्या तळव्याने दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, आलटूनपालटून. पोट दाबायचं ते एक वर्षानंतर, आधी नाही (यकृताला इजा होते). पाय धरून उलटं लटकवणंही नको. शुद्ध हरपली तर छातीवर ३० दाब, मग बाळाला तोंडाने २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.