कॅम्पसवर मातृभाषा दिन साजरा करायचाय, भाषणं सोडून काय करता येईल?

फेटे बांधून फोटो आणि पाहुण्यांचं भाषण एवढंच होणार असेल तर खरंच नका करू. २१ फेब्रुवारी ही तारीख मुळात विद्यार्थ्यांचीच आहे, १९५२ साली ढाक्यात बांगला भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या पोरांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जीव गेले, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने हा दिवस जाहीर केला. हे आधी सगळ्यांना सांगा.

मग सरळ हॉस्टेलवर जा. महाराष्ट्र म्हणजे फक्त मराठी असं आपण धरूनच चालतो, पण मेळघाटातून आलेला मुलगा घरी कोरकू बोलतो आणि ती झारखंडकडच्या संथाळी भाषेच्या नात्यातली, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, गडचिरोलीची माडिया किंवा यवतमाळची कोलामी द्राविडी म्हणजे तेलुगूच्या घरातली, आणि नंदुरबारची भिली, खानदेशची अहिराणी आपल्या मराठी-गुजरातीच्या बाजूच्या. एकाच राज्यात ३ भाषाकुळं आहेत राव! बुलढाण्याकडची निहाली तर कुठल्याच कुळात नीट बसत नाही.

ही मुलं बऱ्याचदा वर्गात गप्प बसतात, कारण तोंड उघडलं की उच्चारावरून हसणारे असतात, मला याचा फार राग येतो. म्हणून मुख्य कार्यक्रम त्यांच्याकडे द्या. एकाने घरच्या भाषेत गोष्ट सांगायची, मित्राने तिथेच मराठीत समजावून सांगायची, आणि त्यांची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग लायब्ररीत ठेवायचं. स्पर्धा, नंबर, परीक्षक अजिबात नको.