पहिला रेडिओ घेताना बटणं मोजू नका
हॅम रेडिओचा (हौशी रेडिओ संपर्काचा) परवाना मिळाला, अभिनंदन! आता सगळ्यात जास्त मेनू असलेला सेट घ्यायची घाई नको. वॉटरफॉल डिस्प्ले (बँडवरचे सिग्नल चित्ररूपात दाखवणारा पडदा), डिजिटल नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणं) हे छानच असतं (मलाही आवडतं), पण सुरुवातीला मोठं ट्यूनिंग नॉब, व्हॉल्यूम, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता कमी-जास्त करणारं बटण) आणि शेजारचे सिग्नल गाळणारा एक बरा फिल्टर एवढ्यावर भरपूर काम होतं.

वाचलेले पैसे अँटेनावर घाला. ४० मीटर (तरंगलांबीच्या) बँडसाठी सुमारे २० मीटर तारेचा, मधोमध फीडलाइन (सेटपासून अँटेनापर्यंतची केबल) जोडलेला डायपोल अँटेना जमेल तितका उंच बांधा. १०० वॉटऐवजी १० वॉट वापरले तर फरक १० डेसिबलचा, म्हणजे दोन एस-युनिटांहूनही (सिग्नलची ताकद सांगणारं माप) कमी. वाईट अँटेना याहून जास्त खाऊ शकतो, शिवाय तुमचं ऐकणंही बिघडवतो.

नवखे हमखास इथे चुकतात:

- माइक गेन (माइकची पातळी) आणि कॉम्प्रेसर (बोलण्यातले हळू भाग मोठे करणारा) पूर्ण वाढवणं. आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर सांडतो.
- न ऐकताच सीक्यू (‘कुणी बोलायला आहे का?’ अशी सगळ्यांना हाक) देणं.
- ट्यूनरने सेटकडचा एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेना किती जुळत नाहीत याचं माप) उतरवला म्हणजे अँटेना सुधारला असं समजणं. तो होता तसाच असतो.

स्प्लिट (एका फ्रीक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर बोलणं) आणि डीएसपीच्या (डिजिटल सिग्नल प्रक्रियेच्या) सेटिंग्ज नंतर बघू. आधी काही दिवस नुसतं ऐका, मग कुणाच्या तरी सीक्यूला उत्तर द्या.