पिंपाच्या आत काय, हे बाहेरून कसं कळतं?

प्रश्न : मुलगा अणुवीज केंद्रात किरणोत्सारी कचऱ्याच्या पिंपांमधला किरणोत्सार मोजतो. प्रत्येक आकड्यापुढे 'अधिक-उणे' लिहितो. सरळ एकच आकडा का नाही?
— एक शेतकरी, यावल

उत्तर : भाऊ, पोरगं प्रामाणिक काम करतंय. जिनिंगवर व्यापारी वरचा कापूस चाचपतो, गाडीच्या तळातला ओलावा त्याला कळत नाही, तसंच हे. कचऱ्यातल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचे भेदक गॅमा किरण पत्र्याबाहेर येतात, पण किरणोत्सार मधोमध साचला असेल तर ते वाटेतच शोषले जाऊन आकडा कमी भरतो, कडेला असेल तर फुगतो. म्हणून पिंप फिरवत मोजतात. स्ट्रॉन्शियम-९० या दुसऱ्या पदार्थाचे बीटा किरण तर बाहेर येतच नाहीत. त्याचं प्रमाण सीझियमशी असलेल्या गुणोत्तरावरून काढतात, आणि ते गुणोत्तर ठरतं कचऱ्याच्या नमुन्यांवरून. खरी अनिश्चितता तिथे! मी हे काम करायचो तेव्हा आकडा ठरलेल्या मर्यादेजवळ आला की नेहमी अधिक-उण्यातली वरची बाजू धरायचो.