बाबांना पुढचं वाक्य वाचून दाखवा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने 'युद्ध आणि शांतता' हा विषय घेतलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एक वाक्य तिला फार आवडलं : 'बनणारी प्रत्येक बंदूक म्हणजे भुकेल्यांकडून केलेली चोरी आहे – अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर, निवृत्तीचे भाषण.' ती पाठांतर करत होती तेव्हा माझे वडील शेजारीच बसले होते. ते ओझरच्या विमान कारखान्यात ३१ वर्षं फिटर होते, मिग विमानांवर काम केलेलं. त्या वेळी काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "म्हणजे आम्ही जन्मभर चोऱ्याच केल्या म्हणायच्या." तेव्हापासून मुलगी ते वाक्य उच्चारायला तयार नाही. हे वाक्य खरंच त्यांचं आहे का? ठेवावं की काढावं? – एक वाचक, ओझर

उत्तर : काढू नका. पण अर्धं म्हणू नका.

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझी सगळी नोकरी नाशिकच्या कोर्टात स्टेनो म्हणून झाली. समोरचा काय बोलला, कोणत्या क्रमाने बोलला आणि कुठे थांबला, हे कागदावर उतरवणं हेच माझं काम. साक्षीदाराचं एक वाक्य घेतलं आणि लगतचं सोडलं, तर माणूस आत जाऊ शकतो. म्हणून असं तोडलेलं वाक्य दिसलं की मी पुढचं शोधायला जाते. तुमच्या बाबतीत सगळं उत्तर त्या पुढच्या वाक्यातच आहे.

आधी तारीख दुरुस्त करू. वाक्य ड्वाइट आयसेनहॉवर यांचंच आहे, पण निवृत्तीच्या भाषणातलं नाही. ते निरोपाचं भाषण १७ जानेवारी १९६१ चं, टीव्हीवरून केलेलं. हे वाक्य त्याच्या जवळजवळ आठ वर्षं आधीचं, १६ एप्रिल १९५३ चं. वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात वृत्तपत्रांच्या संपादकांची सभा होती, तिथे ते बोलले. अध्यक्ष होऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. ५ मार्चला सोव्हिएत रशियाचा सर्वेसर्वा स्टालिन वारला होता आणि मॉस्कोत आता कोणाचा शब्द चालणार याचा जगाला अंदाज येत नव्हता. कोरियात अजून माणसं मरत होती. त्या दिवशी आयसेनहॉवर यांच्या पोटात भयंकर कळा येत होत्या. घामाने डबडबलेले, समोरचं टेबल घट्ट धरून ते उभे होते, तरी भाषण त्यांनी तडीस नेलं.

तारखेचा एवढा आग्रह धरते, कारण तिच्यामुळे वाक्याचं वजन बदलतं. खुर्ची सोडताना शहाणपणाचं बोलणं सोपं असतं. हा माणूस खुर्चीत नुकताच बसला होता, पुढची आठ वर्षं कसा वागतो हे लोक बघणार होते, आणि तरी तो हे बोलला.

शिवाय बोलणारा सैनिक होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं, त्याचा सरसेनापती हाच. बंदूक म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

आता मूळ मजकूर, माझ्या मराठीत : बनणारी प्रत्येक बंदूक, पाण्यात उतरणारी प्रत्येक युद्धनौका, डागलेलं प्रत्येक रॉकेट ही अखेर चोरीच असते – जे भुकेले आहेत आणि ज्यांना अन्न मिळत नाही, जे गारठलेत आणि ज्यांच्या अंगावर कपडा नाही, अशांकडून केलेली. तुमचा फॉरवर्ड इथेच संपतो, तोही निम्मा गाळून. भाषण मात्र पुढे चालू राहतं. लगेच पुढे ते म्हणतात : शस्त्रं घेऊन उभं असलेलं हे जग नुसता पैसा खर्चत नाही. ते आपल्या कामगारांचा घाम खर्चतंय, शास्त्रज्ञांची बुद्धी खर्चतंय, मुलांच्या आशा खर्चतंय.

कामगारांचा घाम. बाबांना हे वाचून दाखवा, शक्यतो मुलीच्या तोंडून. आयसेनहॉवर यांच्या हिशेबात जे लुटलं जातंय त्यात तुमच्या वडिलांचा घाम आहे. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही. चोरी म्हटलंय ती अमेरिका आणि रशिया या दोन मोठ्या देशांनी एकमेकांच्या भीतीपोटी लावलेल्या चढाओढीला.

आणि आपल्याकडची तारीखही मुलीला सांगा. ओझरचा कारखाना १९६४ चा. १९६२ साली चीनने जे केलं, त्यानंतर दोनच वर्षांनी उभा राहिलेला. त्या वेळी देशाने विमानं बांधायला घेतली ती कोणावर चालून जायची हौस म्हणून नव्हे. आयसेनहॉवरसुद्धा 'शस्त्रं टाका' म्हणाले नाहीत. १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं की आपलं सैन्य बलाढ्य आणि तयारीतच असलं पाहिजे. शस्त्र लागतंच, पण त्याची किंमत कोण मोजतंय हे विसरू नका, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या वडिलांनी रिव्हेट मारताना, जोड तपासताना जी काळजी घेतली, तिच्यावर वैमानिकाचा जीव टिकून होता. तिची लाज कोणी का बाळगावी?

किंमत त्यांनी कशी सांगितली ते तर भाषणासाठी फार उपयोगाचं आहे. एका अवजड बॉम्बफेकी विमानाच्या पैशात तीसहून जास्त शहरांत प्रत्येकी एक पक्की विटांची शाळा होते. किंवा प्रत्येकी साठ हजार वस्तीच्या गावाला पुरेल अशी दोन वीजकेंद्रं. किंवा सगळ्या सोयींची दोन चांगली इस्पितळं. एका विनाशिका युद्धनौकेच्या पैशात आठ हजारांवर माणसांना नवी घरं. आणि एका लढाऊ विमानासाठी आपण पाच लाख बुशेल गहू मोजतो, असं ते म्हणाले.

बुशेल म्हटलं तर परीक्षकांच्याही डोक्यावरून जाईल. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. गव्हाचा एक बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७ किलो आणि थोडं वर. पाच लाख बुशेल म्हणजे साधारण १ लाख ३६ हजार क्विंटल. एकरी १८ क्विंटल उतारा धरला, तर साडेसात हजार एकरांवरचं एका हंगामाचं सगळं पीक. दहा टनी ट्रक धरले तर तेराशे साठ ट्रक. तुमचं ओझर निफाड तालुक्यात. त्याच निफाडच्या संशोधन केंद्रातून 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' हे गव्हाचे वाण शेतकऱ्यांपर्यंत गेले. लढाऊ विमान आणि गहू, दोन्ही एकाच तालुक्यात! ही गोष्ट तुमच्या मुलीइतकी हक्काने महाराष्ट्रातली दुसरी कुठली मुलगी सांगू शकेल? आजोबांचं नाव घेऊनच सांगू दे.

एक गोष्ट मात्र लपवू नका. हे भाषण झालं तेव्हा अमेरिकेकडे साधारण हजारभर अण्वस्त्रं होती. १९६० पर्यंत तो साठा अठरा हजारांच्या वर गेला, आणि तो याच अध्यक्षांच्या कारकिर्दीत. बोलणं आणि करणं यात एवढं अंतर पडलं. मला ते भाषण खोटं वाटत नाही. उलट १९६१ च्या निरोपात लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या हातमिळवणीबद्दल त्यांनी जो इशारा दिला, तो वाचताना मला त्या आठ वर्षांचा भार जाणवतो. पण परीक्षकाने हाच प्रश्न विचारला, तर मुलीला आकडा ठाऊक असावा.

प्रश्न : ही मोठ्या लोकांची भाषणं दुसरेच कोणी लिहून देतात. मग ती त्यांची कशी म्हणायची? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : १९५३ च्या भाषणावर मुख्य हात एमेट ह्यूजचा होता, १९६१ च्या भाषणावर माल्कम मूसचा. हे लपलेलं नाही. १९६१ च्या मजकुराचे कितीतरी खर्डे झाले, अध्यक्षांनी स्वतः फेरफार केले, त्यांचे भाऊ मिल्टन यांनीही हात फिरवला. आणि गंमत अशी की सैन्यात असताना आयसेनहॉवर स्वतः हेच काम करत. जनरल मॅकआर्थर यांची भाषणं नि अहवाल ते लिहून देत.

मी हजारो पानं टाइप केली. त्यातला एकही निकाल माझा नाही. ज्याची सही, त्याचा निकाल, कारण अपिलात उत्तर त्याला द्यावं लागतं. भाषणाचंही मी तसंच धरते.

लिहून न दिलेलं बोलणं हवं असेल तर त्यांच्या पत्रकार परिषदा वाचा. तिथली वाक्यं इतकी गुंतागुंतीची की वर्तमानपत्रवाले हसत. पण १९५५ च्या मार्चमधली हकिकत बघा. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरून तणाव पेटला होता. १६ तारखेला ते म्हणून गेले की अण्वस्त्रं बंदुकीच्या गोळीसारखी वापरायला हरकत दिसत नाही. जग हादरलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा परिषद होती. प्रसिद्धी सचिव हॅगर्टी घाबरून म्हणाले, त्या विषयावर काही बोलूच नका. आयसेनहॉवर म्हणाले, काळजी करू नकोस जिम, प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळात टाकीन. प्रश्न आला, आणि त्यांनी लांबलचक, कशातच न सापडणारं उत्तर दिलं. मी शॉर्टहँड घेणारी बाई. ज्या वाक्याला शेवट नाही ते वाक्य माणसाने मुद्दाम बांधलेलं असू शकतं, हे मला त्या उताऱ्याने शिकवलं. पण गोळीचं ते वाक्य मी त्यांना माफ करू शकत नाही. हिरोशिमाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

प्रश्न : आयसेनहॉवर भारतात आले होते का? आणि त्यांची भाषणं पूर्ण कुठे वाचायला मिळतील? – कॉलेजची एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : आले होते, डिसेंबर १९५९ मध्ये. पदावर असताना भारतात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. १० डिसेंबरला ते आपल्या संसदेत बोलले, दुसऱ्या दिवशी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले. आग्र्याला ताजमहालही पाहिला.

अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराने १९५७ पासून अध्यक्षांची जाहीर भाषणं, निवेदनं आणि पत्रकार परिषदा यांचे खंड काढायला घेतले. पहिला खंड यांचाच. आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संग्रहात ते सगळं तारखेनुसार, फुकट वाचता येतं. इंग्रजी सोपं आहे, घाबरू नकोस. आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसून मी दोन दुपारींत १९५३ चं भाषण मराठीत उतरवलं. तुला हवं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिही, प्रत पाठवीन. ओझरच्या ताईंना एक पाठवतेच आहे, मोठ्या अक्षरांत, म्हणजे बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल.