भात सुटत नाही, भाजी परवडत नाही: ताटाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मिस्टरांना यंदा शुगर निघाली. डॉक्टरांनी भात कमी करा सांगितलंय पण आमच्याकडे सकाळी पेज, दुपारी भात, रात्री परत भातच. सासूबाई म्हणतात, भात नाय तर जेवाण कसला? सीझनला मी आंब्याच्या कॅनिंगला (फॅक्टरीत) जाते, घरी येऊन दोन वेगळी जेवणं करायची ताकद राहत नाही. कसं करू?
देवगडहून एक वाचक

उत्तर: सगळ्यात आधी, दोन जेवणं करूच नका. पेशंटचं वेगळं आणि घरच्यांचं वेगळं असं सुरू झालं की ते महिनाभरसुद्धा टिकत नाही, करणारी बाई थकते आणि खाणाऱ्याला आपण आजारी असल्यासारखं वाटत राहतं. जे शिजतंय तेच सगळ्यांनी खायचं, फक्त ताटातलं प्रमाण आणि क्रम बदलायचा.

क्रम म्हणजे कसं, तर जेवायला बसल्यावर पहिल्यांदा भाजी किंवा कोशिंबीर, मग मासा, उसळ किंवा अंडं जे असेल ते, आणि भात शेवटी. भाजी आणि प्रोटीन पोटात आधी गेलं की जेवणानंतर शुगर कमी उसळते, हे तपासून बघितलेलं आहे आणि याला एक पैसा खर्च नाही. भात पातेल्यातून थेट ताटात घेऊ नका, एक वाटी ठरवा आणि त्याच वाटीने मोजून घ्या. अंदाजाने घेतलेला भात नेहमीच जास्त होतो, त्यात कढी चांगली झाली असेल तर विचारूच नका.

पेजेचं जरा नीट समजून घ्या. तांदूळ जितका जास्त शिजतो, मऊ होतो तितकी त्यातली साखर रक्तात लवकर उतरते, त्यामुळे हलकी म्हणून सकाळी रिकाम्या पोटी वाडगाभर घोटलेली पेज शुगरवाल्याला बरी नाही. मग लोक काय करतात तर पेज सोडून नाचणीचं सत्त्व गूळ घालून पितात आणि वाटतं की आता सगळं ठीक झालं. नाचणी उत्तमच आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम नाचणीत साधारण 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 11 ग्रॅम तंतू दिलेत, पांढऱ्या तांदळात तंतू 3 ग्रॅमही नाहीत. पण पिष्ट (स्टार्च) नाचणीतही भरपूर असतं आणि सत्त्व काढताना चोथा जातो, वर गूळ पडतो. म्हणून नाचणी भाकरीच्या रूपात खा, अख्ख्या पिठाची, दुपारच्या नाहीतर रात्रीच्या भाताऐवजी. भाकरी तुटत असेल तर उकड काढून मळा.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाच विचारा की त्यांच्या लहानपणी वरकस जमिनीत काय पिकायचं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी होती, बऱ्याच घरात भाकरी नाचणीचीच असायची आणि तिन्ही वेळ पांढरा भात ही चैन सगळ्यांना नव्हती. भाकरी थापायचं काम त्यांना जमत असेल तर ते त्यांच्याकडेच द्या, मग तो बदल सुनेने लादलेला राहत नाही.

संध्याकाळी थकून आल्यावर कुळथाची पिठी. कुळीथ भाजून दळून आणलेलं पीठ डब्यात असलं की दहा मिनिटांत होते आणि कुळथात 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे. अट एकच, पिठी जाडसर करायची आणि भाकरीबरोबर खायची, पातळ करून भातावर ओतली की परत भात वाढतो.

आणि हे मला मनापासून सांगायचंय, शुगर मिस्टरांना झालीय ना, मग काकडी चिरणं, कडधान्य भिजत घालणं, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालून येणं ही कामं त्यांची. कॅनिंगमध्ये दिवसभर उभी राहिलेली बाई घरी येऊन सगळ्या घराचा आहार एकटीने सुधारेल ही अपेक्षाच चुकीची आहे आणि बऱ्याच घरात सगळं इथेच अडतं. पथ्य कुणी सांगितलं यापेक्षा ते करणार कोण हे आधी ठरवा.

दोन गोष्टी विसरू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात एकदम अर्ध्यावर आणायच्या आधी डॉक्टरांना सांगा, औषध तेवढंच राहिलं आणि भात उतरला तर शुगर खाली जाऊ शकते. आणि देवगडात राहून हापूस बंद करा असं मी म्हणणार नाही, डॉक्टर हो म्हणाले तर अर्ध्या आंब्याच्या फोडी खाव्यात, पण त्या जेवणातला भात त्या हिशोबाने कमी करून. वाटीभर रस नको, त्यात दोन-तीन आंबे कधी गेले कळतही नाही.

प्रश्न: जून-जुलैत मासे बंद, भाजी घाटावरून येते ती महाग, त्यात घाटात दरड आली की बाजारात बटाटा-कांद्याशिवाय काही नसतं. मुलं नूडल्स मागतात. या दिवसात हेल्दी काय घालू?
मालवणहून एक आई

उत्तर: तुमची अडचण खरी आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्याच वेळी कोल्हापूर-बेळगावकडची भाजी पावसावर अवलंबून. पण टोमॅटो आणि फ्लॉवर मिळाला नाही म्हणजे भाजी नाही असं आपण धरून चाललोय, ते सोडा. पहिल्या पावसानंतर कुंपणाकडेला टाकळा येतो, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू, पुढे फागलां (करटोली). शेवगा तर दारात असतो, पाल्यात कॅल्शियम भरपूर, आणि तो आपण फक्त गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर खाऊन वर्षभर विसरतो. पाला डाळीत टाका, थालीपिठात टाका, मुलांना पत्ताही लागत नाही. अळवाला आमसूल किंवा चिंच हवीच नाहीतर घसा खाजतो, भारंगी उकडून पाणी फेकून द्यायची. आणि जी भाजी घरातल्या जाणत्या माणसाला ओळखता येत नाही ती फोटो बघून तोडून आणू नका, प्लीज.

प्रोटीनसाठी मे महिन्यातच बेगमी करा. जवळा, म्हणजे आपला गोलमो, बहुतेक वेळा नुसता उन्हात सुकवलेला असतो, बारीक कवचासकट खाल्ला जातो त्यामुळे कॅल्शियमही मिळतं, कांद्यावर परतला की मुलं आवडीने खातात. खारा बांगडा मात्र मिठात मुरवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चमचाभर, ते लोणचं, पापड आणि खारा मासा एका ताटात आले की सहज ओलांडतं. खारा मासा कोमट पाण्यात भिजवा, पाणी बदलून दोनदा धुवा, आमटीत वरून मीठ घालू नका, आणि ज्यांना बीपी आहे त्यांनी तो टाळलेलाच बरा. बाकी काळे वाटाणे, चवळी, वाल मोड आणून ठेवले की उसळ रोज वेगळी होते, अंडी आहेतच.

जागा असेल तर पावसाच्या तोंडावर मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी सोडा. पहिल्या वर्षी फार येणार नाही, तरी लावा. नूडल्स पूर्ण बंद केले तर मुलं शेजारी जाऊन खातील, कधीतरी करा पण त्यात अंडं आणि घरातली भाजी घाला आणि मसाल्याचं पाकीट अर्धंच टाका, बरंचसं मीठ त्यातच असतं.

प्रश्न: चिपळूण-रत्नागिरी रोज एसटीने जातो, सकाळी डबा होत नाही. स्टँडवर वडापाव आणि चहा. दुसरं काय करता येईल?
चिपळूणहून एक वाचक

उत्तर: घावणे. तांदळाच्या पिठात तीन-चार चमचे नाचणीचं पीठ, पाणी, मीठ, आंबवायची भानगड नाही, तुम्हालाही जमतील, कुणाला उठवायची गरज नाही. रात्रीच दोन अंडी उकडून ठेवा, नाहीतर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक केळं बॅगेत टाका. वडापाव आठवड्यात एखाद्या दिवशी खा, ठरवून. मला जास्त काळजी चहाची वाटते, स्टँडवरच्या चहात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत 35-40 ग्रॅम होते आणि वरून घातलेली साखर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑर्डर देतानाच साखर कमी सांगा, आणि दोन चहा कमी करा.

प्रश्न: कोल्ड्रिंक बंद करून कोकम सरबत सुरू केलंय, दिवसातून तीन-चार ग्लास पितो. चालेल ना?
गुहागरहून एक वाचक

उत्तर: बाटलीतलं तयार सिरप असेल तर नाही, त्यात बराचसा साखरेचा पाकच असतो आणि तीन-चार ग्लासांत साखर कोल्ड्रिंकच्या जवळ जाते. आमसुलं पाण्यात भिजवून, कुस्करून, जिरेपूड घालून घ्या, साखर अगदी नावाला. आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरत असाल तर ते मिठाचं असतं, त्यामुळे पाणी जास्त घाला आणि वरून मीठ घालू नका.