सगळा आकडा एकदाच सांगा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, बँकवाला नाही. तरी गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी कर्जाची. माझ्या लातूरच्या ओपीडीतही तेच. पेशंट येतो छातीत धडधड होते म्हणून, नाहीतर झोप नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला खुर्ची पुढे ओढून हळूच आकडा सांगतो. म्हणून या वेळी फक्त कर्ज.

प्रश्न : मी शिक्षक आहे. मुलीच्या नीटच्या क्लाससाठी पतसंस्थेचं 3 लाखांचं कर्ज काढलं. शिवाय क्रेडिट कार्डाचे 40,000, मोबाईलच्या हप्त्यांचे 6,000 आणि मेहुण्याचे हातउसने 25,000. भत्त्याच्या फरकाचे 30,000 हातात आलेत. कुठे भरू? चार महिने नुसता विचार करतोय. (औसा)

उत्तर : गणित म्हणतं, सगळे कार्डात भरा. तिथं महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तरी 1,400 रुपये नुसते व्याजाचे जातात, वर जीएसटी. ‘मिनिमम ड्यू’ 2,000 भरून निवांत बसणाऱ्याचं मुद्दल जेमतेम हलतं.

तरी मी सांगेन, आधी मोबाईलचे 6,000 देऊन ते खातं बंद करा, उरलेले 24,000 कार्डात. सिंगापूरमध्ये एका संस्थेनं कर्जबाजारी लोकांची कर्जं फेडली आणि आधी-नंतर त्यांची तपासणी झाली. तो अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. किती रुपये घटले यापेक्षा किती खाती बंद झाली, यावर लोकांची चिंता आणि विचारशक्ती सुधारली. चार ठिकाणचं देणं डोक्यात चार ठिकाणी जागा अडवतं. मेहुण्याला पैसे आत्ता नकोत, तारीख द्या. चार महिन्यांचं कार्डाचं व्याज मात्र गेलंच. पतसंस्थेचं मुदतीआधी फेडायचं झालं तर शुल्क लागतं का, ते आधी तिथं विचारून घ्या.

प्रश्न : मंगळवारी हप्ता भरला की कर्ज लवकर फिटतं, असं सासूबाई म्हणतात. खरं का? (जालना)

उत्तर : हप्त्याची तारीख मंगळवारच्या आधी येत असेल तर त्याआधी भरा.

प्रश्न : तीन वर्षांपासून बायकोला सांगितलेलं नाही. बँकेचे मेसेज न वाचताच डिलीट करतो. एकूण किती झालंय तेही आता नक्की माहीत नाही. कळलं तर ती माहेरी निघून जाईल. (अंबाजोगाई)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशी माणसं मी रोज बघतो आणि रोज तेच सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण कर्जाची मूठ झाकून ठेवली की सव्वाचे दीड होतात.

तुम्ही मूर्ख नाही आणि आळशीही नाही. तामिळनाडूत 464 ऊस शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी आणि पैसा हातात आल्यावर त्याच बौद्धिक चाचण्या दिल्या होत्या. निष्कर्ष 2013 साली आले. माणसं तीच, पण तंगीच्या महिन्यांत गुण कमी. तंगी डोकं खाते. त्यात लपवायचं कामही त्याच डोक्याकडून करून घेता: कोणता फोन कुणासमोर उचलायचा, पगार कमी का पडला याची कोणती थाप मागच्या महिन्यात मारली. हप्त्यांचा हिशोब करायला डोकं उरणार कुठून?

लाज कर्ज काढल्याची कमी असते, ‘मला जमलं नाही’ याची जास्त. आणि आपल्याकडे पुरुषाला हे वाक्य म्हणता येत नाही.

आता करा काय. मेसेज नका वाचू. सरळ शाखेत जाऊन खातेउतारा मागा. वहीचं एक पान घ्या: कुणाचे, बाकी किती, हप्ता किती, तारीख कोणती. सावकाराचं महिन्याला ‘शेकडा तीन’ असेल तर समोर वर्षाला 36 टक्के लिहा. मग रविवारी दुपारी ते पान बायकोसमोर ठेवा. रात्री नको, कुणाच्या लग्नकार्याच्या तोंडावर नको. आणि सगळा आकडा एकदाच सांगा. लोक आधी तीन लाख सांगतात, ती कशीबशी पचवते, महिन्याने आणखी 80,000 निघतात. माझ्यासमोर तुटलेली बहुतेक घरं त्या 80,000 वर तुटलीत. वसुलीवाल्याच्या तोंडून कळलं तर त्याहून वाईट. एकट्याने बोलायचा धीर होत नसेल तर दोघं मिळून जवळच्या समुपदेशकाकडे जा आणि तिथं बोला. पण याच महिन्यात.

प्रश्न : माफी येणार म्हणून गावात कुणीच हप्ते भरत नाही. माझं बुलेटचं कर्ज आहे. थांबू का? (परभणी)

उत्तर : नाही. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या शेतीकर्जासाठी होत्या, बुलेटसाठी नव्हत्या.

प्रश्न : एक एजंट म्हणतो, हप्ते बंद करा, 15,000 फी द्या, निम्म्यात सेटलमेंट करून सिबिलही साफ करतो. विश्वास ठेवावा का? (नांदेड)

उत्तर : ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्याच्याकडून आधी 15,000 घेणारा कुणाची सोय बघतो? थकलेला माणूस ‘आता तुम्ही काही बघू नका’ या वाक्याला भुलतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. त्यातली खरी नोंद कुणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. आणि कर्ज ‘सेटल्ड’ होणं म्हणजे पूर्ण फिटणं नव्हे. तो शेरा बघून पुढची बँक कचरते. हप्ता चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि मुदत वाढवून मागा. कागद समजत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा.

प्रश्न : ॲपवरून 8,000 घेतले, ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून, मग तिसऱ्या. आता रात्री-बेरात्री फोन, नातेवाइकांना फोटो पाठवायची धमकी. वाटतं, संपवून टाकावं. (हिंगोली)

उत्तर : उरलेलं नंतर वाचा. आधी 14416 लावा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. बोलून झालं की घरातल्या एकाला शेजारी बसवा आणि आज रात्री एकटे झोपू नका.

धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, पोलीस ठाण्यातही द्या. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चौथं ॲप उघडू नका. आणि उद्या सकाळीच जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. केसपेपरच्या खिडकीवर कर्जाचं काही सांगायची गरज नाही, झोप लागत नाही एवढं म्हटलं तरी पुरे. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांना सगळं सांगा, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्यसुद्धा.