पोरगी म्हणते, डास पाळायचेत

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी गडचिरोलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. हिवतापाच्या डासांच्या जनुकांवर काम करायचं म्हणते आणि तुम्ही विचारता, 'एवढं शिकून ही डासच पाळत बसणार का?'

हो, पाळणार. निदान पहिली काही वर्षं तरी. त्यात कमीपणा नाही.

अशी एक इन्सेक्टरी, म्हणजे डास पाळायची खोली, मी आत जाऊन पाहिली आहे. खोली साधारण 27 अंशांवर, हवा दमट. ट्रेमध्ये अळ्या. खाणं जास्त पडलं की पाण्यावर साय धरते आणि अळ्या मरतात. दाटी झाली की डास बारके निघतात. कोष ड्रॉपरने एकेक उचलून पिंजऱ्यात ठेवायचे. माद्यांना अंड्यांसाठी रक्त लागतं, तेही पातळ पडद्याआडून, कोमट करून. अळ्यांना रविवार कळत नाही, त्यामुळे सुटीच्या दिवशीही कुणीतरी यावंच लागतं. ही शिस्त ज्याच्या हाताला नाही, त्याचं जनुकशास्त्र कागदावरच राहतं.

आता जनुकं कशाला, ते सांगतो. आपल्या खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस क्युलिसिफेसीज ही डासाची एकच जात नव्हे. हुबेहूब दिसणाऱ्या पाच जातींचा तो गट आहे. त्यातली 'बी' जात हिवताप फारसा पसरवत नाही. डोळ्यांनी फरक कळत नाही. अंडी अर्धवट तयार झालेल्या मादीच्या अंडाशयातली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पसरली, तेव्हा तो कळला. फवारणी कुठे आणि कशाची करायची, हे अशा कामावर ठरतं. 2018 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात आफ्रिकेतल्या ॲनोफिलीस गॅम्बीच्या एका जनुकात बदल करून पिंजऱ्यातली अख्खी वस्ती 7 ते 11 पिढ्यांत संपवली. तो प्रयोग पिंजऱ्यातलाच होता. मोकळ्या रानातली गोष्ट वेगळी आणि जबाबदारीची आहे, हे मुलीलाही सांगा.

पोटापाण्याचं बोलू. बी.एस्सी. नीट होऊ द्या, भारी फीच्या खासगी बायोटेकच्या मागे लागू नका. पुढे एम.एस्सी. प्राणिशास्त्र, नाहीतर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमधलं (रोग पसरवणाऱ्या कीटकांवर काम करणारं केंद्र) सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्र. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, निघाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था, बंगळुरूची टाटा इन्स्टिट्यूट फॉर जेनेटिक्स अँड सोसायटी, ही पुढची दारं. आपल्या आरोग्य खात्यात कीटक समाहारकाचं, म्हणजे डास-कीटक गोळा करणाऱ्याचं, पद असतं. जाहिरात आली तर अर्ज भरायला लावा. पण कायमची नोकरी पटकन मिळेल असं मी म्हणणार नाही. पीएच.डी.पर्यंत सात-आठ वर्षं धीर धरावा लागेल, घरच्यांनाही.

एक करा. पांढऱ्या थाळीत नाल्यातलं पाणी आणून तिला अळ्या ओळखू द्या. पाण्याला समांतर आडवी पडते ती ॲनोफिलीसची, डोकं खाली करून लटकते ती दुसऱ्या डासांची. रोज वहीत नोंद, पंधरा दिवस, एकही दिवस न चुकता. कोष दिसले की पाणी लगेच कोरड्या मातीत ओता. मग ती वही मला पाठवा.